भाडेकरूच्या वीज-पाण्याचा हिशेब: किल्ली देण्याआधीपासून शेवटच्या बिलापर्यंत

घर पहिल्यांदा भाड्याने देताना आपण भाड्याच्या रकमेवर आठवडाभर घोळ घालतो आणि वीज-पाण्याचा विषय दारात उभ्याउभ्या उरकतो. ‘लाइट बिल तुम्ही भरा, पाण्याचं बघू.’ सहा महिन्यांनी त्या ‘बघू’वरून तोंडं वाकडी होतात.

मी हेच केलं होतं. घर दोन मजली, खाली एक कुटुंब, वर एक, दोघांचे मीटर वेगळे. त्यामुळे मी निवांत. दीड वर्षाने खालचे लोक बाहेरगावी गेले आणि जाताना शहाणपणाने मेन स्विच बंद करून गेले. दुसऱ्या दिवशी वरच्यांच्या नळाला पाणी येईना, जिन्यातला दिवाही लागेना. पाण्याचा पंप आणि जिन्याचा दिवा, दोन्ही खालच्या मीटरवर होते! 1 अश्वशक्तीचा पंप चालताना साधारण एक किलोवॉट ओढतो. रोज पाऊण तास पंप आणि रात्रभर दहा वॅटचा दिवा धरला, तर महिन्याला 26 युनिटच्या आसपास होतात. अठरा महिन्यांचे झाले 470. ते पैसे मी माझ्या खिशातून परत केले. रकमेपेक्षा लाज जास्त वाटली, कारण त्या माणसाने बिलाबद्दल एकदा विचारलं होतं आणि मी ‘तुमचा वापर जास्त असेल’ असं म्हणून मोकळा झालो होतो.

म्हणून या कामाची सुरुवात करारनाम्यापासून करू नका. ती मीटरच्या पेटीपासून करा.

1. कोणता मीटर कशाला वीज देतो ते आधी बघा

घर रिकामं असतानाच हे काम होतं. एकेक मेन स्विच बंद करा आणि घरभर फिरून काय काय बंद पडलं ते लिहून काढा: पंप, जिना, फाटकावरचा दिवा, दाराची घंटा, गच्चीवरचा प्लग. नंतर उलटा प्रयोग करा. मेन चालू ठेवा, पण घरातलं प्रत्येक उपकरण आणि दिवा बंद करा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. वापर शून्य असेल तर तो थांबायला हवा. थोडा वेळ थांबून बघा, कारण वापर अगदी कमी असला तर दोन लुकलुकींमध्ये बरंच अंतर पडतं. सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला, तर त्या मीटरवर दुसऱ्या कुणाची तरी तार आहे किंवा वायरिंगमध्ये गळती आहे. इथे इलेक्ट्रिशियनला बोलवा, स्वतः पेटी उघडू नका.

पाण्याच्या मीटरचंही असंच. रात्री सगळे नळ बंद करून आकडा टिपा आणि सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा बघा. आकडा हललेला असेल, तर भाडेकरू येण्याआधी प्लंबर यायला हवा.

2. जोडणी कुणाच्या नावावर?

मीटर वेगळा असेल आणि भाडेकरू वर्षाहून जास्त राहणार असेल, तर जोडणी त्याच्या नावावर करणं सोयीचं. बिल त्याला जातं, भरायचं तोच भरतो आणि तुम्ही मध्ये पडत नाही. पण कागदपत्रं आणि जोडणीची अनामत लागते, आणि तो घर सोडताना नाव पुन्हा बदलावं लागतं.

नाव तुमचंच ठेवलं तर कामं कमी, जबाबदारी जास्त. बिल थकलं तर पुरवठा करणारी कंपनी तुम्हालाच विचारणार. कित्येक ठिकाणी थकबाकी माणसापेक्षा जोडणीला चिकटते. जुना भाडेकरू निघून गेला तरी नव्याला वीज मिळण्याआधी ती भरावीच लागते. घरगुती जोडणीवर भाडेकरूने दुकान किंवा कारखाना चालवला, तरी उत्तर नावावर असलेल्यालाच द्यावं लागतं. माझा कल असा: थोड्या महिन्यांसाठी नाव तुमचं असू द्या, लांबच्या मुक्कामाला त्याचं.

इंटरनेट मात्र पहिल्या दिवसापासून त्याच्याच नावावर असावं. त्या जोडणीवरून कोण काय करतं, याची जबाबदारी आपण कशाला घ्यायची?

3. वाटणीची पद्धत ठरवा

सगळ्यात सोपं, म्हणजे ज्याचा मीटर त्याचं बिल. ते जमत असेल तर पुढचं सोडून चौथ्या पायरीवर जा.

दुसरी पद्धत म्हणजे सगळं भाड्यातच धरायचं. नव्या घरमालकाला ही फार आवडते, कारण दरमहा हिशेब नाही. पण वापर ज्याच्या हातात आहे त्याला बिल दिसतच नसेल, तर एसी चालू ठेवून बाहेर जायला त्याला काही वाटत नाही. ही पद्धत घ्यायचीच असेल तर मर्यादा घाला: महिन्याला अमुक युनिटपर्यंत भाड्यात, त्यावरचं वेगळं. मर्यादा पैशात न लिहिता युनिटमध्ये लिहा, म्हणजे दर वाढले तरी करार बदलावा लागत नाही.

खरी डोकेदुखी तिसरी: मुख्य मीटर एक आणि घरं दोन-तीन. इथे सबमीटर, म्हणजे मुख्य मीटरच्या पुढे एकेका घराचा वापर मोजणारा छोटा मीटर, बसवावाच लागतो. सबमीटर वापरायला आणि भाडेकरूकडून विजेचे पैसे घ्यायला तुमच्याकडे कोणते नियम आहेत ते आधी विचारून घ्या. अनेक ठिकाणी मूळ दरापेक्षा जास्त घ्यायला मनाई आहे. मनाई नसली तरी विजेवर नफा काढू नका. भाडं वाढवायचं तर उघडपणे वाढवा.

सबमीटर बसला की लगेच त्याची परीक्षा घ्या. त्याच्यावर 3200 imp/kWh असं काहीसं छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला दिवा 3200 वेळा लुकलुकतो. त्या घरातलं बाकी सगळं बंद करून 1000 वॅटचा पाणी तापवायचा रॉड बादलीभर पाण्यात बुडवून चालू करा आणि एका मिनिटात किती वेळा दिवा लुकलुकला ते मोजा. 53च्या आसपास यायला हवा. व्होल्टेज कमी असेल तर थोडा कमी येईल. 70 किंवा 35 आला, तर सबमीटर परत करा. इस्त्री किंवा गीझर वापरून ही परीक्षा घेऊ नका. त्यांच्यात थर्मोस्टॅट असतो, तो मध्येच वीज तोडतो आणि मोजणी फसते.

आता वाटणी. वीजबिलात साधारण दोन भाग असतात: एक स्थिर आकार, जो दिवा न लावताही भरावा लागतो, आणि दुसरा वापरावरचा. स्थिर आकार घरांत सारखा वाटा. वापराचा भाग युनिटप्रमाणे. इथपर्यंत कुणीही सांगेल. घोळ होतो तो स्लॅबमुळे, म्हणजे वापर वाढला की चढत जाणाऱ्या दराच्या टप्प्यांमुळे.

समजा पहिल्या 100 युनिटांचा दर 1 आहे आणि त्यापुढचा 2. (आकडे सोयीसाठी घेतलेत, तुमच्या बिलावरचे टाका.) एका घराने 60 युनिट वापरले, दुसऱ्याने 240. मुख्य मीटरवर 300. बिल झालं 100 अधिक 400, म्हणजे 500. सरासरी दराने वाटलं तर पहिल्याला 100 आणि दुसऱ्याला 400 येतात. आता दोघांचे मीटर वेगळे असते तर? पहिला स्वस्त स्लॅबमध्येच राहून 60 भरता, दुसरा 380. म्हणजे मीटर एक असल्याने दोघांचं मिळून 60 जास्त गेलं, आणि त्यातलं 40 कमी वीज जाळणाऱ्याच्या माथी बसलं. ‘आम्ही तर पंखासुद्धा जपून लावतो’ असं तो चिडून म्हणतो, तेव्हा त्याचं खरं असतं.

यावर उपाय म्हणजे स्वस्त स्लॅब घरांत सारखा वाटायचा. दोघांना 50-50 युनिट स्वस्त दराने, पुढचे महाग दराने. पहिल्याचे होतात 50 अधिक 20, म्हणजे 70. दुसऱ्याचे 50 अधिक 380, म्हणजे 430. बेरीज पुन्हा 500. मला ही पद्धत न्याय्य वाटते, पण दुसऱ्या भाडेकरूला ती आधी सांगायला हवी, बिल हातात दिल्यावर नाही. शक्य असेल तर नवी स्वतंत्र जोडणी घेणं सगळ्यात उत्तम. ती घेताना एकदाच खर्च येतो आणि दर महिन्याचं हे गणित सुटतं.

सबमीटरच्या आकड्यांची बेरीज मुख्य मीटरपेक्षा थोडी कमीच भरते. मुख्यवर 300, दोन घरांचे 140 आणि 130, तर उरलेले 30 पंप, जिना आणि तारांमधल्या घटीचे. ते कुणी भरायचे हे आधीच ठरवा. घरं सारखी असतील तर सारखं वाटा, नाहीतर स्वतः भरा आणि भाडं ठरवताना ते धरा. फरक अचानक 30 वरून 80 वर गेला, तर वाटत बसू नका, कारण शोधा.

पाण्याला घरागणिक मीटर सहसा नसतो, म्हणून माणसांवर वाटतात. पण माणसं येतात-जातात. त्यासाठी माणूस-दिवस मोजा. पहिल्या घरात 3 माणसं 30 दिवस, म्हणजे 90. दुसऱ्यात 2 माणसं 30 दिवस, 60. तिसऱ्यात एकटा, तोही महिन्याच्या मध्यात आलेला, 12 दिवस. एकूण 162. बिलाला 162 ने भागा, मग प्रत्येकाच्या आकड्याने गुणा. दोन दिवसांचे पाहुणे मोजू नका. तेवढा काटेकोरपणा कुणालाच झेपत नाही. महिनाभर राहायला आलेली सासूबाई मात्र मोजायची, आणि हे ती येण्याआधी बोलायचं.

एखादं घर रिकामं असेल तर त्याच्या वाट्याचा स्थिर खर्च तुमचा. बाकीच्यांवर तो टाकला की पहिली कुरबूर तिथूनच सुरू होते.

4. कागदावर आणा

वकिली भाषा लागत नाही. मी वापरतो तो मजकूर असा:

‘विजेचा वापर सबमीटरच्या रीडिंगप्रमाणे. मुख्य बिलाचा कालावधी संपेल त्या दिवशी दोघांच्या समोर किंवा फोटो काढून रीडिंग घ्यायचं. दर मुख्य बिलावर असेल तोच. स्थिर आकार घरांत समान. पाणी माणूस-दिवसांवर. मुख्य बिलाची प्रत भाडेकरूला दाखवायची. बिल मिळाल्यापासून सात दिवसांत पैसे द्यायचे. नळ, फ्लश किंवा पाइप गळत असेल तर भाडेकरूने दोन दिवसांत कळवायचं. कळवल्यानंतरच्या गळतीचा खर्च मालकाचा.’

शेवटची ओळ मी नंतर घातली. पाइप फुटणं मालकाचं आणि नळ उघडा ठेवणं भाडेकरूचं, एवढं सगळ्यांना मान्य असतं. फ्लशची टाकी हळूहळू झिरपत राहते तेव्हा पंचाईत होते. मिनिटाला 200 मिलिलिटर झिरपलं तर दिवसाला 288 लिटर जातात, आणि 30 दिवसांत साडेआठ घनमीटरच्या वर. आवाज नाही, ओल नाही, फक्त बिल. शंका आली तर टाकीत खाण्याचा रंग टाका, फ्लश न करता पंधरा-वीस मिनिटांनी भांड्यात बघा. रंग उतरला असेल तर टाकीचा वॉशर किंवा व्हॉल्व्ह गेलाय.

करारात आणखी एक गोष्ट लिहा: नवं मोठं उपकरण लावायच्या आधी विचारायचं. एसी, मोठा गीझर, गाडी चार्ज करायचा पॉइंट. जोडणीचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढता येईल, ते ठरलेलं असतं. तो भार ओलांडला की कधी एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो, कधी दंड येतो. जुन्या तारा तापतात, ते तर सगळ्यात वाईट.

5. किल्ली देण्याच्या दिवशी

सामान आत येण्याआधी प्रत्येक मीटरचा फोटो काढा. फोटोत मीटरचा क्रमांक आणि आकडा दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत. नुसता आकडा असेल तर तो कुठल्या मीटरचा, हे पुढे सिद्ध करता येत नाही. फोटो तिथेच उभं राहून भाडेकरूला पाठवा आणि त्याच्याकडून ‘बरोबर’ एवढा एक शब्द मागवा. वीज, पाणी, नळाचा गॅस, सगळ्यांचे. टाकीचा गॅस असेल तर टाकीचं वजन करा. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच कोरलेलं असतं, वजा केलं की आत किती आहे ते कळतं.

आकडे वाचताना एक चूक फार होते. पाण्याच्या बऱ्याच मीटरवर काळे आकडे घनमीटर दाखवतात आणि लाल आकडे त्याचे अंश. एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. लाल आकडे चुकून जोडले की भाडेकरूने तलाव भरल्यासारखं बिल निघतं. विजेच्या जुन्या फिरत्या आकड्यांच्या मीटरवरही शेवटचा वेगळ्या रंगाचा आकडा सहसा दशांश असतो.

6. दर महिन्याला

वही पुरेशी आहे. तारीख, मागचं रीडिंग, चालू रीडिंग, फरक, दर, स्थिर आकाराचा वाटा, एकूण. त्याचाच फोटो आणि मूळ बिलाचा फोटो एकत्र पाठवायचा. ‘या महिन्याचे एवढे झाले’ एवढंच लिहून आकडा पाठवणारे घरमालक मी पाहिलेत. भाडेकरू पैसे देतो, पण मनात गाठ बसते.

बिलाचा कालावधी आणि भाड्याचा महिना जुळेलच असं नाही. बिल 11 तारखेपासून पुढच्या 10 पर्यंतचं असेल, तर सबमीटरचं रीडिंगही 10 लाच घ्या. नाहीतर बेरीज कधीच जमणार नाही. बिलावर ‘सरासरी’ किंवा ‘अंदाजे’ असा शेरा असेल तर रीडिंग घेणारा माणूस मीटरपर्यंत पोचलाच नव्हता. तेव्हा फोटो काढून कंपनीला खरं रीडिंग कळवा. अंदाजाचं बिल दोन-तीन महिने चाललं की शेवटी सगळं एकदम अंगावर येतं, आणि तोवर भाडेकरू बदललेला असू शकतो.

7. बिल अचानक फुगलं तर

आधी हा क्रम: रीडिंग खरं आहे का, दर वाढले का, बिलाचे दिवस जास्त आहेत का (30 ऐवजी 38 दिवसांचं बिल येतं कधीकधी), जुनी बाकी जोडली आहे का. हे चारही नसेल तर मग घरातली उपकरणं. पाणी तापवणारी आणि हवा थंड-गरम करणारी यंत्रं पहिल्यांदा तपासा. 2000 वॅटचा गीझर अर्धा तास तापला की एक युनिट. नऊ वॅटच्या एलईडी दिव्याला तेवढंच जाळायला 111 तास लागतात. त्यामुळे ‘दिवे बंद करत जा’ हा सल्ला बहुतेक वेळा वाया जातो.

फ्रिज किंवा गीझर तुम्ही दिलेला आणि जुनाट असेल, तर वाढीव बिलाचं खापर भाडेकरूवर फोडू नका. उपकरण घेताना तुम्ही स्वस्तातलं घेतलं, आणि त्याची किंमत तो दरमहा भरतोय. रबर सैल झालेला फ्रिज बदलून बघा.

8. पैसे थकले तर

एक महिना उशीर झाला तर विचारा. दोन महिने झाले तर लिहून विचारा, आकड्यांसकट. हप्ते पाडून देणं वाईट नाही, तेही लिहूनच. त्याने एखाद्या आकड्यावर आक्षेप घेतला असेल तर वाद नसलेली रक्कम आत्ता घ्या आणि उरलेल्यावर मीटर तपासून बोला.

वीज किंवा पाणी तोडू मात्र नका. मीटर तुमच्या आवारात आहे, स्विच हाताशी आहे, राग आलाय, सगळं समजतं. पण भाडेकरूचं पाणी-वीज स्वतःच्या हाताने तोडणं अनेक देशांत बेकायदेशीर आहे. ज्या वादात तुमची बाजू भक्कम होती, त्यात तुम्हीच आरोपी होता. थकबाकीसाठी अनामत आहे, नोटीस आहे, कायद्याचा मार्ग आहे.

9. घर सोडताना

शेवटच्या दिवशी पुन्हा फोटो, पुन्हा ‘बरोबर’. अडचण एवढीच, की त्या दिवसापर्यंतचं बिल अजून आलेलं नसतं. काही घरमालक म्हणून पूर्ण अनामत दोन महिने अडकवून ठेवतात. ते अतिच आहे. शेवटच्या रीडिंगवरून युनिट तर कळलेलेच असतात. मागच्या बिलाच्या दराने हिशेब करा, तेवढी रक्कम आणि वर थोडी, दहा-पंधरा टक्के, राखून ठेवा आणि बाकीची अनामत त्याच दिवशी द्या. किती राखलं, कशासाठी आणि कधीपर्यंत, हे लिहून द्या.

जोडणी त्याच्या नावावर असेल तर नाव बदलण्याच्या अर्जावर त्याची सही घर सोडण्याआधीच घ्या. गेलेल्या माणसाला सहीसाठी शोधत फिरणं फार कंटाळवाणं काम आहे. शिवाय त्याने जोडणीसाठी भरलेली अनामत कंपनीकडे असते, ती त्याची आहे, हे त्याला सांगा. बऱ्याच जणांना ती भरल्याचं आठवतही नसतं.

बिल आलं की प्रत पाठवा, राखलेल्या रकमेतून वजा करा, उरलेलं परत करा. कमी पडलं तर मागा. फरक चहाच्या पैशांइतका असेल तर सोडून द्या आणि त्याच संध्याकाळी मीटरचा नवा फोटो काढून ठेवा, पुढच्या भाडेकरूसाठी.